आकाशवाले आहेत की नाहीत

कवळीवाल्याच्या कारखान्याला कारखाना म्हणणं म्हणजे जरा अतीच. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत प्लास्टरचे जबडे फळीवर जोडीजोडीने मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर. आतल्या खोलीत मेणाची भांडी, पॉलिशची मोटर, एक मोठं टेबल आणि दातांच्या रंगांचे नमुने ठेवायचा खण. दंतवैद्य पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे आणि हा दात बसवून कवळी परत पाठवायचा. तीस वर्षं हेच चाललं होतं. शेकडो लोक त्याच्या दातांनी हसले-जेवले असतील, पण त्यातल्या बहुतेकांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. धंदाच असा, की काम चांगलं झालं तर कुणाच्या लक्षात येऊ नये.

रविवारी सकाळी मात्र हाच माणूस एका अख्ख्या शहराचा कर्ताकरविता व्हायचा.

त्याचं असं झालं. भाचा परगावी नोकरीला गेला, तेव्हा एका खेळाचं जाडजूड पुस्तक मामाकडे टाकून गेला. खेळाला ना पट, ना सोंगट्या. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, ‘मी दार उघडतो’, ‘मी पळतो’ असं म्हणायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. कवळीवाल्याने पुस्तक चाळलं आणि त्याला खूळ लागलं. फासे त्याने घरीच ओतले, हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी अॅक्रिलिकचे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हात लावायला जरा कसंतरीच व्हायचं.

त्याच्या शहराचं नाव लखलख. तिथे रात्रंदिवस रंगीत दिव्यांच्या पाट्या जळत, तारांमधून मंत्र वाहत, बुटके जादूगार विजेच्या खांबाखाली बसून ताईत विकत आणि माणसं पोलादी हात नि काचेचे डोळे बसवून घेत. सगळ्यांच्या डोक्यावर आभाळ कंपनीचा मनोरा. आणि शहरात एकच कुजबुज: मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावर बसलेले साहेब माणसं नाहीतच. ते आकाशवाले आहेत, दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्यावरून आलेले, आणि काचेच्या डोळ्यांना ते हवं तेच दाखवतात. हे खरं की अफवा, हे शोधून काढायचं. एवढाच खेळ.

खेळणारे तिघे. एक त्याची धाकटी बहीण, शिवणकाम करणारी. दुसरा लिफ्टवाला, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा, जो दुनियेत कुठल्याच मॅनेजरवर विश्वास ठेवत नसे. तिसरे सर. सर म्हणून कधी वर्गात उभे राहिले असतील तर शपथ. सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली होती आणि हाताखालच्या पोरांनी दिलेलं नाव चिकटलं होतं. बायको गेल्यावर सहा महिने ते घराबाहेर पडेनात, तेव्हा शेजारचा लिफ्टवाला त्यांना ओढतच इथे घेऊन आला होता.

तिघांचे तीन सिद्धांत, आणि तिघेही आपापल्या धंद्याला जागलेले. लिफ्टवाला म्हणे, आकाशवाले वगैरे झूट आहे. कंपनीनेच हूल उठवली आहे, लोक वर बघत राहिले की खाली काय चाललंय ते दिसत नाही. बहीण म्हणे, आलेत, पण ते साहेब नव्हेत. जीव वाचवायला आलेली गरीब माणसं आहेत ती, खालच्या गल्ल्यांत लपलेली, म्हणून तर त्यांच्या अंगावर कुठलाच कपडा बेतल्यासारखा बसत नाही. आणि सर म्हणत, ते आले नाहीत, ते आधीपासूनच होते. हे शहर त्यांच्या जहाजावर वसलंय. सांडपाण्याच्या वाटा बघा, असं कुठला माणूस आखेल? ते सिद्ध करायला सरांनी अकरा वर्षं लखलखचा नकाशा काढला होता, ट्रेसिंग कागदावर, थरावर थर, गल्लीबोळांसकट.

आणि खरं काय होतं? ते एका पाकिटात होतं, दातांच्या नमुन्यांच्या खणात, मेणाने बंद केलेलं. पहिल्याच रविवारी लिफ्टवाल्याने शंका काढली होती की गोष्ट सांगणारा मनाला येईल तसं फिरवणार. त्याचं तोंड बंद करायला कवळीवाला आत गेला, कागदाची घडी करून पाकिटात घातली, वर मेण ओतलं आणि जाहीर केलं, की उत्तर लिहून ठेवलं आहे, आता मलासुद्धा बदलता येणार नाही.

कागद कोरा होता. पुढच्या आठवड्यात विचार करून लिहू, असं त्याला खरोखर वाटलं होतं. पण पुढच्या आठवड्यात सरांनी असा काही प्रश्न विचारला, की त्याने आपलं ठरत आलेलं सगळं मोडलं आणि सरांच्या प्रश्नाभोवती नवी गल्ली बांधली. मग सवयच झाली. आधी माप, मग दात, हे त्याच्या हाडीमासी मुरलं होतं. समोरचे काय बोलतात ते ऐकायचं आणि तिथे शहर भरत जायचं. पाकिटाचं घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

अशात एका रविवारी सर म्हणाले, हृदयाची झडप बदलायची आहे, येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या गुरुवारी.

सर फासे हातात खुळखुळवत राहिले. “डॉक्टर म्हणतात, हल्ली काही होत नाही. काही होत नाही तर एवढ्या सह्या कशाला घेतात, ते सांगत नाहीत. असो. कवळीवाले, एक मागणं आहे. पुढच्या रविवारी ते पाकीट फोडा. बरोबर असेन तर उत्तम, चूक असेन तरी चालेल. पण न कळता मला ऑपरेशनच्या टेबलावर झोपायचं नाही.”

कवळीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. हो म्हणण्याखेरीज करतो काय?

तो आठवडा त्याने कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. एका कवळीत डावी दाढ उजवीकडे बसवली, ती परत आली. शेवटी बुधवारी दुपारी त्याने गरम सुरीने मेण अलगद उचललं, कागद काढला आणि बारीक अक्षरात लिहिलं: शहर आकाशवाल्यांच्या जहाजावर वसलेलं आहे. सरांचा सिद्धांत. लिफ्टवाला कुरकुरेल, बहीण दोन दिवस बोलणार नाही, पण सर समाधानाने जातील. म्हणजे दवाखान्यात जातील, असं त्याने मनातल्या मनात घाईघाईने दुरुस्त केलं. कागद जुन्याच घडीवर मिटून पुन्हा मेण ओतलं. काम इतकं सफाईचं, की त्याचं त्यालाच ओळखू आलं नसतं.

रविवारी सरांनी स्वतः पाकीट फोडलं. वाचलं. बहिणीने टाळी वाजवायला हात उचलले होते. सरांनी चष्मा काढला, कागद खिडकीच्या उजेडात धरला, घडीवरून अंगठा फिरवला आणि परत चष्मा लावला.

“घडी जुनी आहे,” ते म्हणाले. “अक्षरं नवी आहेत. आधी लिहून मग घडी घातली तर शाई घडीवर झिजते. इथे ती घडीत फुटली आहे. म्हणजे कागद कित्येक वर्षं कोरा मिटलेला होता. मी चाळीस वर्षं हेच बघत आलोय हो.”

चाळीस वर्षं नकाशे तपासलेल्या माणसापुढे कागदाची लबाडी करायची, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. कवळीवाल्याने काहीच सारवासारव केली नाही. सगळं सांगून टाकलं: कागद कोराच होता, उत्तर कधी ठरवलंच नव्हतं, अकरा वर्षांत एकदाही नाही. लिफ्टवाला ‘मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो’ असं म्हणायला तोंड उघडून बसला, पण सरांकडे बघून त्याने ते मिटलं. सरांनी नकाशाची गुंडाळी केली, दोरा बांधला आणि “म्हणजे शोधायला काही नव्हतंच,” एवढं बोलून निघून गेले.

“दादा, तू खोटं कशाला लिहिलंस?” बहिणीने विचारलं.

“त्यांना बरं वाटावं म्हणून.”

“त्यांना बरं नको होतं. खरं हवं होतं.”

हे ऐकून त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार ते आपण फसवले गेलो हे मनात घेऊन, आणि फसवणारा कोण, तर ज्याच्याकडे ते घरातून पुन्हा बाहेर पडायला शिकले तो. सोमवार त्याने घालमेलीत काढला. मंगळवारी संध्याकाळी मोटर बंद केली, हात धुतले आणि सरांच्या घरी गेला. म्हणतील ते ऐकून घ्यायचं, एवढंच ठरवून.

सुनेने दार उघडलं. म्हणाली, “बरं झालं आलात काका. बाबा परवापासून जेवायचं टेबल देत नाहीयेत आम्हाला.”

टेबलभर लखलख पसरलं होतं. सर लाल पेन्सिल घेऊन वाकले होते. त्यांनी वर न बघताच बसायला सांगितलं.

“हा पूल,” ते म्हणाले. “तिसऱ्या वर्षी मी विचारलं, नदीवर पूल आहे का? तुम्ही चहाचा घोट घेतलात, थांबलात आणि म्हणालात, आहे. मला वाटलं, काहीतरी लपवताय. तुम्ही बांधत होतात.” पेन्सिल पुढे सरकली. “हा दिव्यांचा बाजार तुमच्या बहिणीच्या प्रश्नातून निघाला. ही बंद लिफ्ट त्या संशयी माणसाची. आणि हे बघा, लाल आहे तेवढं सगळं माझ्यामुळे झालेलं.”

कवळीवाल्याने पाहिलं. निम्म्याहून जास्त शहर लाल होतं.

“मला राग आहे,” सर म्हणाले. “पाकिटाचा आहे, आणि तो राहील. खोटं बोललात तुम्ही. पण शोधायला काही नव्हतं असं मी बोललो, तेही खोटंच. आम्ही बघत गेलो तसं ते होत गेलं.”

कवळीवाल्याला एरवी असं बोलायची सवय नव्हती. पण परवा गुरुवार होता. “सर,” तो म्हणाला, “माझं काम कुणाला दिसत नाही. दिसू नये असंच करतो मी ते. तुम्ही अकरा वर्षं माझ्या शहरात पत्ते शोधत हिंडलात, त्याचे नकाशे काढलेत. आयुष्यात माझं एवढं मनावर कुणीच घेतलं नाही. तुमचे उपकार आहेत माझ्यावर. हे सांगायचं सोडून मी ते पाकीट चिकटवत बसलो.”

सरांनी बराच वेळ पेन्सिलीला टोक केलं. टोक आधीच झालेलं होतं. मग म्हणाले, “बायको गेल्यावर रविवार आला की मला धडकी भरायची. तुमच्यामुळे ती धडकी गेली. फिट्टंफाट.”

मग कवळीवाल्याने विचारलं, की आता दोघं मिळून ठरवून टाकूया का, आकाशवाले आहेत की नाहीत?

“अजिबात नाही. मी परत येईपर्यंत काही ठरवायचं नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, सरांना विचारून सांगतो.” सरांनी पेन्सिल खाली ठेवली. “आणि खरंच विचारायचं.”

गुरुवारी दवाखान्याच्या बाकड्यावर तिघं सकाळपासून बसून होते. सांगितलेल्या वेळेपेक्षा दोन तास जास्त लागले. त्या दोन तासांत लिफ्टवाल्याने दवाखान्याच्या दोन्ही लिफ्टमध्ये खोट काढली आणि बहिणीने कुणाशीही न बोलता एक अख्खी बाही उसवून पुन्हा शिवली. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि झडप नीट बसली म्हणाले. कवळीवाल्याने डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला तो सोडेचना. नीट बसवणं काय असतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

पुढच्या रविवारी टेबलाशी तिघंच होते. लखलखमध्ये लिफ्टवाला मनोऱ्याच्या बंद लिफ्टच्या विहिरीत लोंबकळत होता, आणि दोन मजल्यांच्या मधोमध त्याला एक दार दिसलं होतं. पलीकडे काय आहे, त्याने विचारलं.

कवळीवाल्याचा हात सवयीने चहाच्या कपाकडे गेला. मग तो थांबला, फोन घेतला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला आणि दवाखान्यातल्या सरांना सगळी हकिगत सांगितली. दार आहे, सर. पलीकडे काय आहे?

फोनवर खाटेची करकर ऐकू आली. सरांचा आवाज बारीक झाला होता, पण आवाजच होता तो. “थांबा जरा,” ते म्हणाले. “पाणी पितो.”

पेला उचलल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. कवळीवाला खुर्ची पुढे ओढून बसला. अकरा वर्षं त्याने त्या शहरातलं एकेक दार स्वतः उघडलं होतं. न उघडलेल्या दारापुढे उभं राहायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. त्याने फोनवर हात ठेवला आणि बहिणीच्या कानाशी वाकला.

“यांना माहीत आहे,” तो म्हणाला. “सांगत नाहीयेत.”