उजवं पुढचं चाक

आप्पा गाडीत बसताना चपला काढायचे. माझ्या वडिलांनी जन्मभर निपाणीच्या वखारींमधला तंबाखू ट्रकनं वाहिला, तोही अनवाणी पायांनी. गाडी म्हणजे लक्ष्मी, म्हणून ते चपला घालून चढत नाहीत, असं आम्ही भावंडं समजत होतो, आणि त्यांनीही ते कधी खोडून काढलं नाही. मी शिक्षक झालो, जुनी का होईना चारचाकी घेतली, तरी आमच्या कंग्राळी गावात भर गल्लीत चपला काढून हातात घ्यायच्या आणि मग पुढच्या सीटवर बसायचं, हा त्यांचा क्रम चुकला नाही. मला त्याची लाज वाटायची.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मेहुण्यासाठी मुलगी बघायला आम्ही निपाणीला निघालो. मागे बायको, सासूबाई आणि मेहुणा, पुढे माझ्या शेजारी आप्पा. काकती मागे पडली आणि जात्यात खडा सापडावा तसा घरघर आवाज यायला लागला. मेहुणा पुण्यात इंजिनियर. ब्रेक पॅड संपलेत, आणि आवाज डावीकडून येतोय, असं त्यानं मागं बसूनच ठरवून टाकलं.

आप्पांचे कान ट्रकच्या इंजिनानं केव्हाच खाल्ले होते. त्यांना काही कळलं नसेल असं मी धरून चाललो होतो. पण त्यांनी मला गियर काढायला सांगितलं. न्यूट्रलमध्येही घरघर तशीच राहिली, म्हणजे इंजिन नव्हे, असं ते म्हणाले. मग स्टिअरिंग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं घ्यायला लावलं. डावीकडं घेतलं की आवाज वाढायचा, उजवीकडं घेतलं की दबायचा. शेवटी त्यांनी दोन्ही अनवाणी तळपाय खाली टेकवले आणि मैलभर डोळे मिटून बसले.

"उजवं म्होरलं चाक हाय. बेरिंग गेलंय," ते म्हणाले. "हळू चल. निपाणीत खोलून बघू."

मला उशीर होत होता, आणि सासुरवाडीसमोर मुलगी बघायच्या दिवशी गाडी जॅकवर चढवायची नव्हती.

"आप्पा, तुमास्नी मागचा हॉर्न ऐकू येत न्हाय," मी म्हणालो, "आनि चाकातलं बेरिंग ऐकू आलं व्हय?"

मागची सीट खो खो हसली. आप्पाही हसले. मग ते वाकले आणि त्यांनी चपला पायांत घातल्या. हे मी पाहिलं. पाहिलं आणि गाण्यांचा आवाज वाढवला.

परतताना ते आपणहून मागच्या सीटवर जाऊन बसले. गुडघे दुखतात, मागं ऐसपैस बसता येतं म्हणाले. खरं तर आमच्या गाडीत पुढंच जास्त जागा आहे.

नंतर मी शहरात कॅम्प भागातल्या एका गॅरेजमध्ये गेलो. डावीकडून आवाज येतोय, हे मीच त्यांना छातीठोकपणे सांगितलं. त्यांनी आधी ब्रेक पॅड बदलले, मग डाव्या चाकाचं बेरिंग बदललं. घरघर होती तिथंच होती. दर वेळी घरी आलो की आप्पा विचारायचे, आवाज गेला का रं? मी म्हणायचो, गेला.

पुढं परीक्षेच्या कामासाठी एकटाच निपाणीला निघालो. हत्तरगी ओलांडल्यावर स्टिअरिंगही थरथरायला लागलं. बघायला कोणी नव्हतं, म्हणून गाडी कडेला घेऊन मी बूट-मोजे काढले, मॅट सरकवली आणि पुन्हा निघालो. डाव्या पायाखाली काही विशेष नव्हतं. उजवी टाच मात्र मुंग्या आल्यासारखी थरथरत होती. ध्वनी हवेपेक्षा घन पदार्थातून चांगला जातो, हे मी वीस वर्षं आठवीच्या पोरांना फळ्यावर लिहून देतोय. घरात बाप ते तळपायांनी करत होता आणि मास्तरांना पत्ता नव्हता. चपला काढण्यात भक्ती असेलही, पण ते त्यांचं ऐकणं होतं.

संकेश्वरच्या बाहेर एका मेस्त्रीच्या शेडमध्ये गाडी लावली आणि उजवं पुढचं चाक खोलायला सांगितलं. त्यानं चाक उचलून हातानं फिरवलं, दुसऱ्या हाताचा तळवा स्प्रिंगवर ठेवला आणि खोलायच्या आधीच मान हलवली. आतलं ग्रीस वाळून गेलं होतं, गोळ्या झिजून खरबरीत झाल्या होत्या. उजवं म्हणून कोणी सांगितलं, असं त्यानं विचारलं. माझ्या वडिलांनी, ड्रायव्हर होते ते, मी पटकन सांगून टाकलं. परक्या माणसाला सांगायला काहीच जड गेलं नाही.

"वाचलासा सर. चाक निखळलं असतं," तो म्हणाला. "त्यास्नी एकदा घिऊन या हिकडं."

निपाणीचं काम आटोपून परतताना सगळ्या वाटेत मी एकच वाक्य जुळवत होतो. तुमचंच खरं निघालं आप्पा, माझं चुकलं. घरी पोचलो तेव्हा ते कट्ट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, आवाज गेला का रं?

"गेला," मी म्हणालो. "संकेश्वरच्या मेस्त्रीनं शोधला. उजवं बेरिंग होतं."

माझं चुकलं म्हणायचं तर आधीच्या सगळ्या खोट्या 'गेला'चीही कबुली द्यावी लागली असती. तेवढ्यासाठी मी त्यांची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर करून टाकली.

"हुशार गडी हाय," आप्पा म्हणाले. "त्याला सोडू नगो."

पावसाळ्याच्या तोंडावर आप्पा गेले. तोवर ते एकदाही पुढच्या सीटवर बसले नाहीत, आणि मीही कधी बसा म्हणालो नाही.

बाराव्याला अंगणात गल्ली जमली होती. शेजारचे टेम्पोवाले अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, आप्पा सगळ्यांना सांगायचे, गाडीत काय वाजायला लागलं तर संकेश्वरच्या त्या मेस्त्रीकडं जावा, आमच्या मास्तरानं पारखून घेतलेला माणूस हाय.

"खरंच एवढा हुशार हाय व्हय तो?" त्यांनी विचारलं.

आजूबाजूला आप्पांना ओळखणारी सगळी माणसं बसली होती. मी मान हलवली आणि व्हय म्हणालो.