नुसतं ‘आले’ नसतं

विष्णू राईची आई हरवली तेव्हा मी आधी त्याच्यावर ओरडले आणि मग शोधायला निघाले. विष्णू माझ्या हॅम्बर्गच्या ऑफिसातला. मूळचा नेपाळच्या डोंगरातला, भाषा थुलुंग. ती बोलणारे तिकडेच थोडे, आणि इथे हा एकटा. त्याला तिचा भारी अभिमान. मी घरी फोनवर मराठीत इंग्रजी घुसडते म्हणून मला टोमणे मारतो. महिन्यापूर्वी त्याने आईला इकडे आणलं. तिला जर्मन येत नाही, नेपाळीही आता धड आठवत नाही. अशा बाईला एकटीला बाहेर सोडायचं? कमाल आहे!

त्यात वादळी पाऊस. एल्बला पूर येणार म्हणून नदीकाठचा रस्ता बंद करायला घेतला होता. तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला. विष्णूने स्पीकर लावला. ती एकच वाक्य बोलली आणि फोन बंद पडला.

“आलेय म्हणतेय,” विष्णूने शोधायला आलेल्या पोलीसबाईला सांगितलं. म्हणजे एस-बानच्या, इथल्या लोकलच्या, स्टेशनवरच असणार, तिला तेवढीच वाट ठाऊक.

स्टेशन, बेकरी, बसस्टॉप, सगळं पालथं घातलं. म्हातारीचा पत्ता नाही. अंधारून आलं आणि हा गडी रस्त्यातच थांबला. मी खेकसले, अरे चल ना बाबा.

“दिदी, आमच्यात नुसतं ‘आले’ नसतं,” तो म्हणाला. चढून आले, उतरून आले, सपाटीने आले, तिन्हींना वेगळे शब्द. “आई ‘उतरून आले’ म्हणाली. मी नुसतं ‘आले’ ऐकलं.”

स्टेशनचा रस्ता सपाट. उतार एकच, नदीकडच्या पायऱ्यांचा.

आम्ही त्या पायऱ्या धावतच उतरलो. खालच्या रस्त्यावर पाणी आलंच होतं. एका बंद कॅफेच्या ओट्यावर म्हातारी चिंब भिजून बसली होती, आणि पाणी ओट्याला लागलं होतं. विष्णूने तिला उचलून छातीशी धरलं आणि तो हमसून हमसून रडला. मलाही आवरेना.

वर येताना ती त्याला रागाने काहीतरी विचारत राहिली. काय म्हणतायत रे, मी विचारलं.

“म्हणतेय, मी नीट सांगितलं होतं, तुला कळलं कसं नाही?”

“मग?”

“फोनमध्ये खरखर होती म्हणालो.”

फोनवरचा म्हातारीचा आवाज मीही ऐकला होता. चांगला खणखणीत होता.