दोन तालुक्यांची सोयरीक

"वरपक्ष आमी हाव! आदी पाणी तुमी पुसायचं!" डोंगरकड्याच्या आशाताई इतक्या जोरात ओरडल्या की फाट्यावरच्या मंदिरातली घंटा कुणी न हलवता वाजली.

"व्वा! वरपक्ष म्हणून आमाला बलावलंय!" हट्ट्याच्या आशाताई उसळल्या. "मामांनी सोता सांगितलं!"

मग दोन्ही गावच्या या आशासेविकांनी एकदम सभामंडपातल्या खांबाकडं पाहिलं. कारण खांबामागं मामा लपले होते आणि खांबाच्या दोन्ही बाजूंनी दिसत होते.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, मुक्काम हट्टा. हिंगोली जिल्ह्यात हळद पिकली नसती तरी एक वेळ चाललं असतं, पण हा माणूस नसता तर सगळा जिल्हा फिका पडला असता, असं माझं मत आहे. आरोग्यसेवक म्हणून ते निवृत्त झाले, पण ती बातमी फक्त कार्यालयाला कळली, मामांना नाही. ते शिंकले की दोन शिवारांपलीकडं लोक छत्र्या काढतात. आणि भेटेल त्या माणसाची खालची पापणी ओढून आतला रंग पाहायची त्यांची खोड. लाल दिसलं तर रामराम, फिकं दिसलं तर रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या. एकदा हिंगोलीच्या बसमध्ये कंडक्टरनं तिकीट विचारलं, तर मामांनी त्याची पापणी ओढली. तीन थांबे गेले, उतरायचे लोक उतरले नाहीत, उलट रांगेत उभे राहिले. आमच्या लग्नात तर अंतरपाट सरकला आणि बायकोचे डोळे माझ्याआधी मामांनी पाहिले. "पोरगी पांढरी हाय! गोळ्या चालू करा, वरात मंग काढा!" हे ऐकून भटजींनी घाबरून आपलेही डोळे मिटून घेतले.

दुसरा नाद सोयरीक जमवण्याचा. मामांनी जमवलेली लग्नं मोजायला तलाठी बसवावा लागेल. त्यामुळं जगातलं कुठलंही काम मामांना सोयरिकीसारखंच दिसतं. आणि एका वर्षी त्यांनी जमवायला घेतली ती थेट दोन तालुक्यांची.

त्याचं कारण एक मेंढपाळीण. दिवस भरत आलेले, अंगात रक्त कमी, आणि मेंढरं खतासाठी या शेतातून त्या शेतात बसवत सारखी फिरती. नाव हट्ट्याच्या आशाताईंच्या गरोदर बायांच्या वहीत, वसमत तालुक्यात. मेंढरं डोंगरकड्याच्या शिवारात, कळमनुरी तालुक्यात. हट्ट्याच्या आशाताई म्हणायच्या, "आमच्याकून गेली." डोंगरकड्याच्या म्हणायच्या, "आमच्याकं आली न्हाई." मामा तीन दिवस जेवले नाहीत. म्हणजे, दिवसाला दोनच वेळा जेवले. "गेली बी अन् आली बी न्हाई, तर बाई हाय कुठं? हवेत? हिला वाटंतच कळा लागल्या तर कुनाला बलावतीन?"

तोडगा मामांनी आपल्या पद्धतीचा काढला. गरोदर बाई हद्द ओलांडून गेली की लेक सासरी धाडल्यागत पोचवायची. तपासणीचं कार्ड संगं, गोळ्या संगं, आणि पलीकडच्या ताईनं पोचल्याचा निरोप उलटा धाडायचा. कल्पना सोन्यासारखी. पण बैठकीला कोणी कोणाच्या दारात आधी जायचं? म्हणून मधल्या फाट्यावरचं मंदिर धरलं, आणि दोन्ही बाजू याव्यात म्हणून मामांनी दोघींनाही गुपचूप सांगितलं, तुमी वरपक्ष. वरपक्ष काय आणतो? रिकामे हात आणि भूक. दोन्हीकडच्या मिळून तीस बाया उपाशी बसलेल्या, आणि मंडपात खायला फक्त मी उचलून आणलेल्या मामांच्या पिशवीतले गूळ-शेंगदाणे.

"रगत वाढतं!" खांबाआडून मामा पुटपुटले.

"मामा, भायेर या!" दोन्ही तालुके पहिल्यांदा एका सुरात बोलले.

तेवढ्यात मंडपात एक मेंढरू आलं. मग दुसरं. मग मी मोजायचं सोडलं आणि खांबावर चढलो. त्यांच्यामागून पोटावर हात धरून, धापा टाकत एक बाई आली. "काहून वरडून राहिलाव? बुजली ना मेंढरं माझी!"

तीच. जिच्यासाठी ही सोयरीक मांडली होती, ती बाजूच्याच शेतात मुक्कामाला होती.

हट्ट्याच्या आशाताईंनी पुढं होऊन तिची डावी पापणी ओढली. डोंगरकड्याच्या आशाताईंनी त्याच क्षणाला उजवी. आणि दोघी एकदम म्हणाल्या, "पांढरी फट!"

मानपान तिथंच संपला. एकीनं गाडी बोलावली, दुसरीनं कार्ड लिहिलं, दोघीही तिच्यासंगं हिंगोलीच्या दवाखान्यात गेल्या. आठवड्यानं पोरगी झाली, माय-लेक खुशाल. त्या दिवशी इकडं मंडपात बाकीच्या बायांनी शेंगदाणे संपवले आणि मामांनी, मेंढरांचा मालक येईपर्यंत, ओळीनं सगळ्या मेंढरांच्या पापण्या तपासल्या.

तेव्हापासून ती रीत पडली. कोणी हद्द ओलांडली की इकडून निरोप जातो, तिकडून पोच येते.

यंदा मामांची छाती दुखली, म्हणून आम्ही त्यांना हिंगोलीला आमच्या घरी आणलं. आवाज थोडा बसलाय. आता शिंकले तर फक्त आमचीच गल्ली दचकते. गावाकडची माणसं नाहीत, पापण्या ओढायला मी एकटाच. दिवसभर खिडकीत बसून रस्त्याकडं पाहतात. परवा दारात एक अनोळखी आशाताई उभी राहिली. चप्पल काढली, आत आली आणि तिनं मामांची खालची पापणी ओढली.

मामा कडाडले, अगदी पूर्वीसारखे. "आगं, मी कोन हाय म्हाईत हाय का तुला?"

"व्हय," ती वहीत लिहिता लिहिता म्हणाली. "हट्ट्याहून आलेलं पेशंट. पोचल्याचा निरोप धाडलाय."