पळसाच्या फांदीवरून

काल डोंगराच्या उताराखाली मोठे काका टाळ्या पिटत उभे होते, मी वर माथ्यावर. त्यांची नात पळसाच्या फांदीवर बसून घसरत खाली येत होती. मोडलेल्या ओल्या पळसाच्या वासानं माझ्या डोक्यात तिडीक गेली.

याच उतारावर गवताचा भारा बाजूला टाकून एकदा माझी आई अशीच फांदीवर बसली होती. धुळीनं माखलेली, पदर सुटलेला, पोरीसारखी खिदळत ती खाली आली, तर समोर हेच काका, तिचे थोरले दीर.

"लाज न्हाई का बाईच्या जातीला?"

आईनं पदर डोक्यावर घेतला. तशी खिदळताना ती पुन्हा दिसलीच नाही.

"ये की तू बी! लई मजा हाय!" काल तेच काका खालून मला ओरडून म्हणाले.

मी फांदीवर बसले.

"आधी तुमी तिथून सरका!"