निरोप सत्तर, माणसं तीन

सासऱ्यांच्या तलावावर जाळं ओढायला कुणी आलं नाही, त्या सकाळी माझ्या प्रोग्रामच्या सगळ्या टेस्ट पास झालेल्या होत्या.

सासरे गावच्या मच्छीमार संस्थेचे नवे अध्यक्ष. जाळ्याच्या दिवशी सगळे सभासद एका वेळी काठावर हवेत, आणि त्यांना बोलावणं अध्यक्षाच्या घराकडे. सासूबाई दारोदार सांगून येणार होत्या. त्यांचे पाय वाचावेत म्हणून मी, सॉफ्टवेअरवाला जावई, मोबाइलवर निरोप धाडणारा प्रोग्राम लिहिला. (मला कुणी सांगितलं नव्हतं.)

माझी पद्धत फंक्शनल. म्हणजे माझं फंक्शन, प्रोग्रामचा तो कामकरी तुकडा, स्वतः निरोप पाठवत नाही. पाठवणारा त्याला बाहेरून द्यायचा. दोघांमधल्या जोडणीची, इंटरफेसची, अट एवढीच, की पाठवणाऱ्याने नंबर आणि मजकूर घेऊन पोचला की नाही ते सांगायचं. तो तुकडा एकटा तपासायच्या युनिट टेस्टपुरता मी एक नकली पाठवणारा, म्हणजे मॉक, उभा केला. तो काहीच पाठवत नाही, नुसतं ‘पोचला’ म्हणतो.

सासरे लॅपटॉपमध्ये डोकावले. “मंग निरोप कोन पाठवते?”

“कुणीच नाही. टेस्ट आहे ना.”

“अन् पोचला काऊन म्हनते?”

“मीच तसं शिकवलंय त्याला.”

“तुमी त्याले खोटं बोलाले शिकवलं, अन् तो खोटं बोलला म्हून खूश होऊन राह्यले?”

मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. शेवटी माझंच मला कळेना.

आदल्या संध्याकाळी मी बटण दाबलं. सत्तर सभासद, सत्तर वेळा ‘पोचला’! चपला घालून निघालेल्या सासूबाईंना मी ऐटीत परत बसवलं.

सकाळी काठावर आम्ही तिघे होतो: सासरे, मी आणि चंद्रपूरहून बर्फ घेऊन आलेला टेम्पोवाला. टेम्पोखालून पाणी गळू लागलं.

“अध्यक्ष झाल्यावरचं पयलंच जाळं हाये,” सासरे हळूच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तिथेच टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. परत चालवल्या, परत हिरव्या! अर्ध्या तासाने दिसलं, की खऱ्या कामालाही मी तोच नकली पाठवणारा दिला होता.

मी घरी फोन करून कबुली पुरी करेपर्यंत सासूबाई पदर खोचून निघाल्यासुद्धा होत्या. तासाभरात सत्तर माणसं हजर.

मग सासऱ्यांनी पाण्यात गेलेला एक दोर माझ्या हाती दिला. “हा धरा जवाईबुवा, सोडू नोका.”

मी जीव खाऊन ओढत होतो. मधून मधून ते ओरडत, “ओढता का?” मी ओरडे, “ओढतोय!” तळहात सोलून निघाले. जाळं काठाला लागलं, रोहू उड्या मारू लागले, तरी माझा दोर पाण्यात ताठच.

“हा कशाला बांधलाय?” मी काठावर आलेल्या सासूबाईंना विचारलं.

“पान्यातल्या खुंटाले,” त्या म्हणाल्या. “हे म्हनले, जवाईबुवा नुसते ‘ओढतोय’ म्हनतीन, तेवढं पुरे.”

मॉक म्हणजे काय ते सासऱ्यांना माझ्यापेक्षा चांगलं समजलं होतं.