वहिनीचं खोडलेलं गणित

माझी वहिनी फ्रेमच्या दुकानात मापं घेते आणि माझा दादा शाळेत गणित शिकवतो. त्यामुळे संध्याकाळच्या कॉलेजात वहिनीला गणितात ‘ड’ मिळाला, तेव्हा ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आमच्या घरात सगळ्यांना एकदमच आठवली. दादा तर शेजारीपाजारी सांगतच सुटला, “आमची ही चित्रं काढते झकास, पण गणिताशी तिचा छत्तीसचा आकडा.” वहिनीने ते हसण्यावारी नेलं. चौतिसाव्या वर्षी पुन्हा शिकायला बसलेल्या बाईला कातडी जाड ठेवावीच लागते.

इथली दोन वर्षं संपली की मोठ्या कॉलेजात वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला जायचं, हा तिचा बेत. “लोकांच्या घरांच्या फोटोंना चौकटी लावून कंटाळले. आता घरंच काढणार,” असं ती म्हणायची.

अर्ज घेऊन आम्ही दोघी प्रवेशाच्या खिडकीवर गेलो. खिडकीतल्या बाईंनी गुणपत्रिका वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

“आराखड्यात अ, चित्रात अ, आणि हे काय हो?”

“ते तसंच आहे,” वहिनी म्हणाली.

“गणितात निदान ब लागतो. दीड महिन्यात फेरपरीक्षा देऊन या, नाहीतर अर्ज बाद.”

घरी आल्या आल्या दादाने शिकवणी सुरू केली. ती दोन संध्याकाळी टिकली. “अगं, हे पाचवीतल्या पोरालाही कळतं!” असं तो म्हणाला आणि वहिनीने वही मिटून त्याला भांडी घासायला लावली.

आता मी नणंद असले तरी अगदीच बिनकामाची नाही. कॉलेजात खेटे घालून तिच्या जुन्या उत्तरपत्रिकेची प्रत मिळवली. पेपर पेन्सिलीने सोडवलेला आणि पानं जवळजवळ कोरी. प्रत्येक प्रश्नाखाली एकच आकडा, खाली दोन रेघा मारलेला, बाकी सगळीकडे खोडरबराचे फराटे. परीक्षकांनी लाल शाईत विचारलं होतं, “पायऱ्या कुठे आहेत? उत्तर आलं कुठून?”

दादा फिदीफिदी हसायला लागला. मग मास्तरकीच्या सवयीने उत्तरं तपासायला बसला आणि त्याचं हसू हळूहळू ओसरलं. दहापैकी नऊ बरोबर होती.

“तू आकडेमोड पुसून टाकलीस?”

“पुसणारच! पुठ्ठ्यावर एक जरी जास्तीचा आकडा राहिला, तरी कापणारे काका तोच धरून कापतात. पहिल्याच आठवड्यात माझ्यापायी एक मोठा आरसा वाया गेला होता. शेवटचं माप ठेवायचं, बाकी सगळं साफ करायचं.”

चौदा वर्षांची सवय ती. परीक्षेतही बिचारीने पेपर स्वच्छ करूनच दिला होता. मला हसू आवरेना, आणि दादाचा रागही आला.

मग काय, मी घरातली सगळी खोडरबरं जप्त केली. तरी वहिनीचा हात शिवशिवायचा. एकदा तर थुंकी लावून अंगठ्याने पुसताना मी तिला रंगेहाथ पकडलं. पण महिनाभरात ती पानं भरभरून लिहायला लागली आणि फेरपरीक्षेत तिला चक्क ‘अ’ मिळाला.

या खेपेला खिडकीवर आम्ही तिघंही गेलो. बाई म्हणाल्या, “हा अ धरला. पण आधीचा ड कागदावर राहतोच, आणि जागा गुणक्रमाने भरतात. तिसरं वर्ष भरलं. दुसऱ्या वर्षाला एक जागा आहे. घेताय?”

दादा भांडायला पुढे सरसावला. वहिनीने त्याला कोपराने मागे सारलं आणि सही करून टाकली.

बाहेर आल्यावर दादा पायरीवरच बसला. “मी घरातला मास्तर, आणि तुझा पेपर एकदाही मागून पाहिला नाही. उलट गावभर बोंबलत फिरलो. चुकलंच माझं.”

वहिनी त्याच्या शेजारी बसली.

“लोकांना सांगितलंस त्याचं काही नाही रे,” ती म्हणाली. “पण ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. गेलं वर्षभर दुकानात माझं एकूण एक माप मी काकांकडून तपासून घेत होते.”