बसण्णाचं पडणं

सोलापूरहून आलेल्या गाडीतून उतरता उतरता होटगी स्टेशनवरच्या हमालानं मला सांगितलं, "बसण्णा गेला की ओ! सोलापुरातली निम्मी नवी पेठ बंद हाय आज." आता महिना उलटून गेला, पण खरं सांगतो, तेव्हा आधी डोळ्यांत पाणी नाही आलं, पोटात दुखलं. मी गेलो तर इथला चहाचा गाडाही बंद राहायचा नाही. आणि जिंकलो होतो मी!

आमच्या तरुणपणी गिरणीमागच्या मैदानात तिकीट लावून बॉक्सिंगचे सामने व्हायचे. दुधनीचा बसण्णा आणि मी, दोघंही त्यातले नावाजलेले. पण कोणी कितव्या फेरीत पडायचं ते कंत्राटदार आधीच सांगायचा. लोकांना त्याचा वास लागला, रिंगमध्ये खुर्च्या यायला लागल्या, आणि धंदाच बसला. आमची शेवटची लढत मात्र खरी होती, कुणी काही ठरवलेलं नव्हतं. माझ्या डाव्या ठोशानं बसण्णा आडवा झाला आणि लोक "नुरा, नुरा" म्हणत हसत घरी गेले... नुरा म्हणजे संगनमताची लढत. उभ्या जन्मातला माझा एकच खरा विजय, तो कुणी खरा मानला नाही.

पुढे मी इथं होटगीला रेल्वेत पॉइंट्समन झालो, तो नव्या पेठेत चादरींच्या दुकानात लागला. नोकरी माझी पक्की, पण माणसं सगळी त्याच्याभोवती. मी दुकानात पाऊल टाकलं की ओरडायचा, "आला बघा मला पाडणारा!" मग गिऱ्हाइकांना बाजूला सारून सगळी लढत करून दाखवायचा. मी फक्त डावा हात पुढे करायचा. "बिद्दे! पडलो की, खरंच पडलो! नुरा न्हवती ओ!" म्हणत तो चादरींच्या ढिगावर असा कोसळायचा, की हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ठोसा माझा आणि टाळ्या त्याला! एकदा मी चिडून म्हणालो, "बास की आता. पडून पडून मोठा झालास." तो ढिगावरूनच म्हणाला, "मग तू पड की एकदा. मी मारतो." मी नाही पडलो. जिंकलेल्या माणसानं का पडावं?

परवा चादर घ्यायच्या निमित्तानं गेलो. ढीग तिथंच होता. मालकांनी एका गिऱ्हाइकाला माझी ओळख करून दिली, "आमच्या बसण्णाला यांनीच पाडलं होतं." गिऱ्हाईक हसलं. "पाडलं कुटलं? ते समदं ठरलेलं असायचं की."

मी सवयीनं ढिगाकडं वळलो... माझ्या बाजूनं बोलणारा या जगात एकच माणूस होता, आणि आयुष्यभर मी त्याच्यावरच जळलो. अजूनही जळतो, जाताना माझा विजयसुद्धा घेऊन गेला. मी डावा हात उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ठोसा मारला.

पडायला कुणी नव्हतं.